आपोआप भरणारी प्लेलिस्ट: नियम कसे लिहावेत आणि ते कुठे फसतात

‘चार किंवा पाच तारे, गेल्या ९० दिवसांत न ऐकलेली, दोन तासांपुरती गाणी’ एवढं एकदा सांगायचं आणि यादी प्रोग्रामनेच भरायची, ही सोय ॲपलच्या आयट्यून्स या गाण्यांच्या प्रोग्राममध्ये २००२ साली तिसऱ्या आवृत्तीबरोबर आली. ॲपल म्युझिकमध्ये तिला आजही स्मार्ट प्लेलिस्ट म्हणतात. म्यूझिकबी, मीडियामंकी आणि फूबार२००० या इतर प्रोग्राममध्ये तीच ऑटो-प्लेलिस्ट होते. नाव्हिड्रोमसारख्या घरगुती सर्व्हरवर ती नियम लिहिलेली एक छोटी मजकूर-फाइल असते. तर्क सगळीकडे जवळपास सारखाच. खाली मेनूंची नावं मॅकवरच्या म्युझिक ॲपमधली दिली आहेत, नियम मात्र कुठेही चालतील.

आधी टॅग, म्हणजे गाण्याच्या फाइलीतच लिहिलेली शीर्षक, कलाकार, प्रकार, वर्ष अशी माहिती. प्रोग्राम गाणं ऐकत नाही, टॅगमधली अक्षरं वाचतो. एकाच प्रकाराला कुठे ‘वाद्यसंगीत’, कुठे ‘वाद्य संगीत’, तर कुठे इंग्रजीतून नाव दिलेलं असेल, तर नियमाच्या दृष्टीने ते तीन वेगळे प्रकार आहेत. शब्दाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा तर डोळ्यांना दिसतही नाही. एमपी३टॅग किंवा म्यूझिकब्रेन्झ पिकार्ड या टॅग सुधारायच्या प्रोग्राममध्ये सगळा संग्रह उघडा, प्रकाराच्या रकान्यावर क्रम लावा आणि सारखी नावं एकत्र निवडून एकाच लेखनात आणा. देवनागरी टॅगच्या जागी प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर बहुधा आयडी३ व्ही१ हा एमपी३ टॅगचा जुना प्रकार वाचला जातोय. त्यात शीर्षकाला फक्त ३० बाइट मिळतात आणि देवनागरीची सोयच नाही. तो काढून टाका आणि नवा व्ही२ ठेवा. टॅगची सफाई कंटाळवाणी आहे, पण ती टाळून नियम लिहिणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं.

आता पहिली यादी. ‘फाइल’, मग ‘न्यू’, मग ‘स्मार्ट प्लेलिस्ट’. (कीबोर्डवरून ऑप्शन-कमांड-एन.) वर ‘ऑल’ ठेवा, म्हणजे सगळे नियम एकाच वेळी लागू होतील. पहिला नियम: रेटिंग ३ ताऱ्यांपेक्षा जास्त. दुसरा: ‘लास्ट प्लेड’ (शेवटचं कधी ऐकलं) गेल्या ९० दिवसांत नाही. खाली ‘लिमिट टू’वर खूण करून २ तास लिहा आणि निवडीची पद्धत ‘लीस्ट रिसेंटली प्लेड’ (सर्वांत आधी ऐकलेली) ठेवा. शेवटी ‘लाइव्ह अपडेटिंग’ चालू करा. गाणं ऐकून झालं की ते यादीतून जातं आणि त्याच्या जागी सर्वांत जुनं, विसरलेलं गाणं येतं.

निवडीची पद्धत आणि यादीचा क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २ तासांत कोणती गाणी बसवायची हे निवडीची पद्धत ठरवते. रकान्याच्या नावावर क्लिक करून लावलेला क्रम फक्त त्यांची मांडणी बदलतो. ‘नवीन गाणी वर आणली तरी यादीत तीच जुनी गाणी’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हाच घोळ असतो. निवड ‘रँडम’ ठेवली तर यादी दर वेळी नव्याने पिसली जाईल, ही अपेक्षाही चुकीची. एकदा निवडलेली गाणी नियमात बसतात तोवर तिथेच राहतात. पत्ते पिसायचे असतील तर यादीतली सगळी गाणी निवडून यादीतून काढा, म्हणजे ती नव्याने भरते. संग्रहातून काढू नका, विचारलेला प्रश्न नीट वाचा.

खरी गफलत होते ती रिकाम्या रकान्यांत आणि नकारात.

रेटिंग न दिलेल्या गाण्याचं रेटिंग ‘माहीत नाही’ असं धरलं जात नाही, ते शून्य धरलं जातं. म्हणून ‘३ ताऱ्यांपेक्षा कमी’ असा नियम लिहिलात की अजून न तपासलेली सगळी गाणी आत शिरतात. सोबत ‘रेटिंग ० पेक्षा जास्त’ हा नियम हवाच. वर्षाचंही तसंच. ‘१९७० च्या आधीची’ असं मागितलं की वर्ष नसलेल्या फाइली रांगेत पुढे उभ्या राहतात. तिथे ‘१९०० ते १९६९’ अशी मर्यादा द्या. शिवाय जुन्या ध्वनिमुद्रणाच्या नव्या आवृत्तीवर नव्या आवृत्तीचं वर्ष असतं, त्यामुळे १९६५ चं गाणं २००९ मध्ये जाऊन बसतं. मूळ प्रकाशनाच्या वर्षाचा वेगळा टॅग असतो. तुमचा प्रोग्राम तो वाचत असेल तर त्यावर नियम लावा, नाहीतर वर्षाच्या रकान्यातच मूळ वर्ष भरा.

‘९० दिवसांत न ऐकलेली’ या नियमात कधीच न ऐकलेली गाणी धरायची की नाही, हे मात्र सगळे प्रोग्राम एकसारखं ठरवत नाहीत. अंदाज करू नका. ‘प्ले काउंट (किती वेळा ऐकलं) ० आहे’ हा नियम तात्पुरता जोडा. बाकीच्या नियमांत बसणारी न ऐकलेली गाणी संग्रहात असूनही यादी रिकामी झाली, तर ती वगळली जात आहेत.

आता ‘एनी’ (‘ऑल’च्या उलट, कोणताही एक नियम पाळला तरी पुरे) आणि नकार यांची जोडी. शास्त्रीय नको आणि जॅझ नको, म्हणून ‘प्रकार शास्त्रीय नाही’ आणि ‘प्रकार जॅझ नाही’ असे दोन नियम लिहून वर ‘एनी’ निवडलं, तर अख्खा संग्रह आत येतो. शास्त्रीय गाणं जॅझ नसतं, म्हणून दुसऱ्या नियमात पास. जॅझ गाणं शास्त्रीय नसतं, म्हणून पहिल्यात पास. नकाराचे नियम नेहमी ‘ऑल’खाली ठेवा.

‘ऑल’ आणि ‘एनी’ दोन्हींची गरज पडली, म्हणजे ‘शास्त्रीय किंवा जॅझ, आणि शिवाय ४ तारे’, तर कंसासारखा गट करावा लागतो. मॅकवर ऑप्शन दाबून धरलं की नियमाशेजारचं अधिकचं (+) बटण तीन ठिपक्यांचं होतं. त्यावर क्लिक केलं की आत नवा गट उघडतो. गटाला ‘एनी’, बाहेर ‘ऑल’. गटाची सोय नसलेल्या प्रोग्रामात ‘किंवा’ची वेगळी यादी करा आणि मुख्य यादीत ‘प्लेलिस्ट अमुक आहे’ असा नियम लिहा.

‘कंटेन्स’ (म्हणजे ही अक्षरं कुठेही आली तरी चालतील) जपून वापरा. शीर्षकात ‘राग’ शोधलात की ‘अनुराग’ आणि ‘विराग’ही हजर. प्रकाराच्या रकान्याला शक्यतो ‘इज’ (म्हणजे नेमकं तेवढंच) लावा.

चार-पाच याद्यांच्या पुढे जाणार असाल तर एक गाळणी यादी आधी करा. त्यात भाषणं, बोलकी पुस्तकं, पॉडकास्ट, ३० सेकंदांपेक्षा छोट्या फाइली वगळायच्या. मग प्रत्येक यादीचा पहिला नियम ‘प्लेलिस्ट गाळणी आहे’ एवढाच. उद्या काही नवं वगळायचं झालं तर एकाच जागी बदल पुरतो. एकाच कलाकाराची शेकडो गाणी असतील आणि तो सगळीकडे पसरत असेल, तरी हीच युक्ती चालते: त्याची २० गाण्यांची मर्यादित यादी, बाकीच्यांची वेगळी, आणि दोन्ही ‘एनी’ने जोडणारी तिसरी.

फोनसाठी किंवा कार्डासाठी मर्यादा तासांत न ठेवता जीबीत ठेवा. २५६ केबीपीएसचं गाणं मिनिटाला साधारण १.९ एमबी घेतं, म्हणजे ४ मिनिटांचं गाणं ७.७ एमबी आणि ८ जीबीत हजारेक गाणी. फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता साठवणाऱ्या स्वरूपात) तेच गाणं २० ते ३० एमबीपर्यंत जातं. गाणी फोनवर चढवताना लहान स्वरूपात बदलली जात असतील, तरी मर्यादा मूळ फाइलींच्या आकारावरच मोजली जाते. जागा उरलेली दिसली तर आकडा वाढवा.

काही बिघाड नियमात नसतात. गाणं ऐकूनही यादीतून जात नसेल, तर शेवटचे काही सेकंद राहिले असताना तुम्ही पुढे जात असाल. म्युझिक ॲपमध्ये गाणं शेवटपर्यंत वाजलं तरच ते मोजलं जातं. शेवटी लांब शांतता असलेल्या गाण्याला माहितीच्या खिडकीत ‘स्टॉप’ची वेळ देऊन ठेवा. रेटिंग न दिलेली गाणी ४ ताऱ्यांच्या यादीत दिसत असतील, तर बहुधा अल्बमला तारे दिलेले आहेत आणि ते गाण्यांवर उतरले आहेत.

प्रोग्राम बदलताना सर्वांत जास्त नुकसान होतं. ॲपल तारे फाइलीत न लिहिता स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं. इतर बरेच प्रोग्राम एमपी३ मध्ये ० ते २५५ असा आकडा लिहितात, पण ४ तारे म्हणजे नेमका किती यावर त्यांचं एकमत नाही (विंडोजच्या पद्धतीत १९६). त्यातून संग्रह नव्याने भरला की सगळ्या गाण्यांची ‘डेट ॲडेड’ (संग्रहात आल्याची तारीख) आजची होते आणि ‘गेल्या महिन्यात आलेली’ या यादीत अख्खा संग्रह अवतरतो. म्हणून आधी लायब्ररीच्या फाइलची प्रत काढा, आणि जपायचे तारे ‘कॉमेंट’ किंवा ‘ग्रुपिंग’च्या रकान्यात ‘तारे४’ असे साध्या अक्षरांत लिहून ठेवा. ते रकाने फाइलीबरोबरच प्रवास करतात आणि त्यांच्यावर नियमही लावता येतो.