मुख्याध्यापकपदाची तयारी ज्येष्ठता यादीपासून

खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेत मुख्याध्यापकपदाची इच्छा असेल, तर अर्ज लिहिण्याआधी ज्येष्ठता यादीतील आपली नोंद तपासावी. कारण महाराष्ट्रातील खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार या पदासाठी सेवाज्येष्ठता आणि समाधानकारक सेवा यांना प्राधान्य आहे. पदवीनंतर किमान पाच वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव हवा आणि त्यातील दोन वर्षे बी.एड. नंतरची असावीत. नियुक्तीची किंवा बी.एड. ची तारीख चुकली असल्यास लेखी हरकत नोंदवून तिची पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले कुणाच्याच लक्षात राहत नाही, असा अनुभव आहे.

पद मिळेपर्यंत कामे शिकून घ्यावीत. शालार्थ या ऑनलाइन वेतन प्रणालीतील वेतन देयके, यू-डायस या सरकारी संगणकीय नोंदीत भरायची शाळेची माहिती, पोषण आहाराचा साठा आणि कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) यांपैकी एक काम दरवर्षी मागून घ्यावे. गणिताचा उत्तम शिक्षक कीर्द पाहून गोंधळतो, हे मी पाहिले आहे.

मुलाखतीत ‘शाळेचा सर्वांगीण विकास करीन’ या वाक्याने काहीही साधत नाही. त्याऐवजी, दिवाळीनंतर कापूस वेचणीच्या दिवसांत कोणत्या वर्गातील किती मुले गैरहजर राहतात, त्यांच्या पालकांना सकाळी शेतावर निघण्यापूर्वी कधी गाठले आणि त्यानंतर हजेरीपटात काय फरक पडला, हे आकड्यांसह सांगावे. यवतमाळ किंवा वाशीमकडच्या गावात अशी नोंद दोन हंगाम ठेवली, तर मुलाखतीत सांगण्यासारखे पुष्कळ हाती राहते. पालकसभाही शाळेच्या सोयीने दुपारी न बोलावता, मजूर घरी परतल्यावर संध्याकाळी घ्यावी.