चेहऱ्यावरचा लाइटिंग रेशो मीटरने कसा काढायचा

लाइटिंग रेशो म्हणजे चेहऱ्याची उजेडाकडची बाजू सावलीच्या बाजूपेक्षा किती पट उजळ आहे ते. तो लाइट मीटरच्या ईव्हीवरून (एक्स्पोजर व्हॅल्यू) काढता येतो. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र, एफ-नंबरमध्ये मोजतात) आणि शटर स्पीडच्या जोडीला मिळून दिलेला एकच आकडा म्हणजे ईव्ही. एफ/१ आणि १ सेकंद म्हणजे ईव्ही ०. तिथून अ‍ॅपर्चर किंवा शटर एक स्टॉप कमी उजेडाकडे नेलं, म्हणजे उजेड निम्मा केला, की आकडा एकाने वाढतो. एफ/८ ला १/६० म्हणजे १२, एफ/५.६ ला १/१२५ म्हणजेही १२च. पण आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील ते) न सांगता नुसता ईव्ही सांगून उपयोग नाही. १०० ला १२ दाखवणारा मीटर त्याच उजेडात ४०० ला १४ दाखवतो. आयएसओ १०० लावा आणि काम संपेपर्यंत हलवू नका.

पोर्ट्रेटसाठी मेन लाइट (मुख्य दिवा) बाजूला आणि फिल (सावली उजळणारा दुसरा दिवा) कॅमेऱ्याशेजारी ठेवला आहे असं धरू. खोलीतल्या ट्यूबलाइट बंद करा. मीटरचा डोम (उजेड टिपणारा पांढरा घुमट) आत ढकला किंवा सपाट चकती लावा. मीटर गालाजवळ धरून फक्त मेन चालू ठेवा, त्याच्याकडे तोंड करून रीडिंग घ्या: समजा १२. मग फक्त फिल, त्याच्याकडे तोंड: समजा १०. दोन स्टॉपचा फरक, म्हणजे मेन चौपट.

इथेच बरेच जण ४:१ म्हणून मोकळे होतात. फिल उजेडाच्या गालावरही पडतोच. तिकडे ४ + १ = ५, सावलीकडे १; चेहऱ्यावरचा रेशो ५:१. याच हिशेबाने एका स्टॉपचा फरक ३:१ देतो आणि समान रीडिंग २:१. नुसतं मेन-फिल धरून ४:१ म्हणणारेही आहेत, त्यामुळे दुसऱ्याचं लाइटिंग जुळवताना कोणता रेशो ते आधी विचारा.

५:१ चा ३:१ करायला फिल एक स्टॉप वाढवा: २ मीटरवरचा दिवा साधारण १.४ मीटरवर आणा. मोठा सॉफ्टबॉक्स (दिव्यावर लावायची, उजेड मऊ करणारी कापडी पेटी) जवळ असेल तर हे गणित तंतोतंत बसत नाही, पुन्हा मोजा.

फिलऐवजी मेनचा उजेड सावलीकडे परतवणारा थर्माकोल असेल तर तो वेगळा बंद-चालू करता येत नाही. सावलीच्या गालाशी चकती थर्माकोलकडे वळवा आणि चकतीवर थेट येणारा मेनचा उजेड हाताने अडवा. तुमचं अंग मात्र थर्माकोल आणि मेनच्या मध्ये येऊ देऊ नका, नाहीतर रीडिंग उगाच पडतं.

एक्स्पोजरसाठी डोम बाहेर काढा, सगळे दिवे लावा, मीटर हनुवटीखाली धरून कॅमेऱ्याकडे वळवा. हे रीडिंग चकतीच्या रीडिंगशी ताडून पाहू नका. फ्लॅश असेल तर ईव्हीऐवजी एफ-नंबर वाचा: एफ/८ आणि एफ/४ मध्येही फरक दोनच स्टॉपचा.