मास्टर सिलेंडरची हवा आधी टेबलावर काढा

औंधच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा ट्रेड पूर्ण करून मी सिंहगड रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये लागले. नव्याने येणारी मुलं-मुली मला जास्त करून इंजिनबद्दल विचारतात. मला मात्र त्यांना आधी ब्रेक शिकवावासा वाटतो, त्यातही मास्टर सिलेंडर, म्हणजे पॅडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग, बदलल्यावर हवा काढणं. या कामातली चूक गॅरेजमध्ये लपून राहते आणि कात्रजच्या उतारावर समोर येते.

उमेदवारीच्या दुसऱ्या वर्षी आमच्याकडे एक जुनी व्हॅन आली. पॅडलवर पाय दाबून ठेवला की ते हळूहळू खाली सरकायचं. गळती कुठेच नाही, टाकीतलं ब्रेक ऑइलही कमी झालेलं नाही. मास्टर सिलेंडरमधले रबरी सील झिजले की असंच होतं, दाब आतल्या आत सटकतो. नाना पेठेतून नवा सिलेंडर आणला, घाईघाईत सरळ बूस्टरवर (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यावर) चढवला आणि मी चारही चाकांची हवा काढायला बसले. दुपार गेली, दीड लिटर ब्रेक ऑइल गेलं, पॅडल मऊच. दोन पंप मारले की वर यायचं, जरा थांबलं की पुन्हा ढिलं.

गॅरेजमधल्या काकांनी एकच विचारलं, "टेबलावर हवा काढली होतीस का गं?"

नव्हती काढली. नवा सिलेंडर कोरडा असतो, त्याच्या दोन्ही कप्प्यांत हवाच भरलेली. ऑइल दाबून आकसत नाही, हवा आकसते. कप्प्यात अडकलेली हवा प्रत्येक दाबाला नुसती आक्रसते आणि पाय काढला की पुन्हा फुगते. एवढ्या लांब पाइपातून ती चाकापर्यंत ढकलली जातच नाही.

म्हणून सिलेंडर गाडीवर चढवण्याआधी व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) धरायचा, तोही कानाला, म्हणजे बोल्ट लागतात त्या पट्टीला, बॉडीला नाही, आणि अगदी लेव्हलमध्ये. पाइप लागतात त्या भोकांना दोन छोट्या नळ्या लावून त्यांची टोकं टाकीतल्या ऑइलमध्ये बुडवायची. मग बोथट दांड्याने पिस्टन सावकाश आत ढकलायचा आणि सावकाशच सोडायचा. आधी हरभऱ्याएवढे बुडबुडे येतात, मग मोहरीएवढे, मग बराच वेळ काहीच नाही, आणि अचानक एखादा. तो शेवटचा येऊन गेल्यावरही मी आणखी दहा-बारा वेळा ढकलते. भोकं बंद करून दाबलं आणि पिस्टन जेमतेम हलला, की सिलेंडर तयार. त्या दिवशी आम्ही तो परत उतरवला, हे सगळं केलं, आणि मग चाकांना अर्धा तास पुरला.

सिलेंडर चढवताना पाइपांचे नट आधी हाताने फिरवा. ते तिरके धरले तर आटे जातात. पाना फ्लेअर नटचाच (नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा) वापरा, साध्या पान्याने नटाचे कोपरे गोल होतात.

चाकांचा क्रम साधारण मास्टर सिलेंडरपासून लांबच्या चाकाकडून जवळच्याकडे. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पण बऱ्याच गाड्यांत ब्रेकच्या लाइनी तिरक्या जोडलेल्या असतात आणि त्यांचा क्रम वेगळा असतो. मॅन्युअल बघा. एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर काही गाड्यांना स्कॅनर लावूनच आतला पंप चालवावा लागतो.

दोघांचं काम असतं. माझा मदतनीस आत बसतो, मी चाकापाशी. निपलला, म्हणजे चाकाच्या ब्रेकवरच्या हवा काढायच्या स्क्रूला, पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये. तो म्हणतो, "दाबलं, ताई." मी निपल पाव वळसा उघडते, पॅडल खाली जातं, मी बंद करते, मग म्हणते, "सोड." मी बंद करण्याआधी त्याने पाय उचलला तर काढलेली हवा परत आत जाते. त्यामुळे या वेळी गॅरेजमधला रेडिओ बंद, फोनही बंद. दर पाच-सहा दाबांनी टाकी बघायची. ती एकदा रिकामी झाली की पुन्हा पहिल्यापासून. जुना सिलेंडर तसाच ठेवून नुसती हवा काढत असाल तर पॅडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा. पूर्ण तळाशी गेलं की सील गंजलेल्या भागावर घासून फाटू शकतात.

ऑइलमध्ये काटकसर नको. बाटलीतलं परत टाकीत ओतायचं नाही. डॉट ३ आणि डॉट ४ या प्रकारांची ब्रेक ऑइलं हवेतलं पाणी ओढून घेतात, पुण्याच्या पावसाळ्यात उघडा डबा ठेवणं म्हणजे ते वाया घालवणंच. डॉट ४ चा उकळबिंदू नवीन असताना किमान २३० अंश, पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. घाटात ब्रेक तापले की त्याची वाफ होते आणि पॅडल थेट खाली. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. पेट्रोल किंवा रॉकेलने ब्रेकचे भाग धुऊ नका, रबर फुगतं.

सगळं होऊनही पॅडल खोल जात असेल तर हवेच्या मागे लागण्याआधी मागच्या ड्रमचे शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) ॲडजस्ट करून बघा. यात मी स्वतः दोनदा फसले आहे.

शेवटी इंजिन बंद ठेवून पॅडल चार वेळा दाबायचं, दाबून धरायचं आणि गाडी चालू करायची. पॅडल थोडंसं खाली बसलं की बूस्टर ठीक. मग आवारातच हळू चालवून ब्रेक मारून बघायचे. रात्री मी मास्टर सिलेंडरखाली आणि चारही चाकांखाली कोरा कागद ठेवते. सकाळी कागद कोरे आणि पॅडल कालच्याच उंचीवर असेल, तर गिऱ्हाइकाला फोन करते.