सेल्फ मारला की नुसता 'टक्', गाडी चालूच होईना: शेवटी स्टार्टर घरीच बदलला

किल्ली फिरवली की एकदाच टक् वाजायचं आणि इंजिन गप्प, पण हेडलाईट मात्र झक्क, जरापण मंद होत नव्हते. बॅटरी टर्मिनल घासले, दुसऱ्या गाडीवरनं जंप दिला, रिले बदलला, काही उपयोग नाही. लई डोकं फिरलं.

मग मल्टीमीटर लावला. एकानं किल्ली स्टार्टला धरली, बॅटरीवर १२.४ व्होल्ट तसेच, सोलेनॉइडच्या (स्टार्टरवरचा विजेचा स्विच) बारक्या वायरलाही करंट येतोय, तरी मोटर फिरत नाही, म्हणजे दोष बहुतेक स्टार्टरमध्येच. हे बघितल्याशिवाय पैसे घालू नका राव.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातनं नवा स्टार्टर आणला, घेताना जुन्याच्या शेजारी ठेवून पिनियनचे (स्टार्टरच्या टोकाचं बारकं दातेरी चाक) दात आणि बोल्टची भोकं जुळवून बघा. इंजिन गार असताना हँडब्रेक, चाकाला दगड, आणि सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची, कारण बॅटरीकडनं स्टार्टरला येणाऱ्या जाड केबलला कायम करंट असतो. मग जाड केबलचा नट, बारक्या वायरचा सॉकेट, शेवटी दोन बोल्ट, स्टार्टर हातानं धरूनच, जड असतो.

बसवताना बेलहाऊसिंगची (इंजिन-गिअरबॉक्समधलं धातूचं कव्हर, ज्यावर स्टार्टर बसतो) जागा वायर ब्रशनं चकाचक करा. स्टार्टरला अर्थ तिथनंच मिळतो, आमच्याकडच्या पावसानं तिथं गंज धरलेला. बोल्ट आधी हातानं, मग पान्यानं. केबलचा नट जास्त आवळू नका, तांब्याचा स्टड तुटतो. निगेटिव्ह सगळ्यात शेवटी.

पहिल्याच सेल्फला चालू! जुना भंगारात घालू नका, ऑटो इलेक्ट्रिशियन कार्बन ब्रश बदलून देतात.