रिपोर्टेड स्पीच: ‘की’मुळे होणाऱ्या या चुका टाळा

‘सागर म्हणाला, की मी रंकाळ्यावर थांबलोय.’ मराठीत हे वाक्य बिनचूक आहे. ‘की’नंतर आपण सागरचे शब्द जसेच्या तसे ठेवतो, काळ त्याचा आणि ‘मी’सुद्धा त्याचाच. इंग्रजीत मात्र रिपोर्टेड स्पीचमध्ये, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं सांगताना, सांगणारा आपल्या जागेवरून सांगतो, म्हणून दोन्ही बदलतात: ‘सागर सेड दॅट ही वॉज वेटिंग ॲट रंकाळा.’ इथे ‘आय ॲम वेटिंग’ लिहिलंत, तर रंकाळ्यावर तुम्हीच थांबलेले ठरता.

काळ एक पायरी मागे जातो. इजचा वॉज, हॅजचा हॅड, विलचा वुड, कॅनचा कुड. एवढं मुलांना जमतं. अडतं ते साध्या भूतकाळाशी. ‘आय सॉ द पॅलेस’ आधीच भूतकाळात आहे, मग बदलायचं काय, असं वाटतं. तरी तेही मागे न्यायचं: ‘ही सेड दॅट ही हॅड सीन द पॅलेस.’ हॅडपुढे तिसरं रूपच लागतं, ‘हॅड सॉ’ नाही. नकारार्थी वाक्यात ‘डिड नॉट सी’चं ‘हॅड नॉट सीन’ होतं. डिड पूर्ण जातो. रोजच्या इंग्रजीत घटनाक्रम स्पष्ट असेल तर साधा भूतकाळ तसाच ठेवतात आणि ते चूक नाही, पण परीक्षेत हॅडच लिहा. मूळ वाक्यात हॅड आणि पुढे तिसरं रूप, किंवा वुड, कुड, शुड असेल, तर मागे जायला पायरीच उरत नाही; तसंच ठेवा.

याउलट, नको तिथे काळ बदलणं हीसुद्धा नेहमीची चूक. सेडऐवजी सेज असेल, तर काळाला हात लावू नका. सर्वनाम तेवढं बदला. कायमचं सत्यही तसंच राहू शकतं: ‘द टीचर सेड दॅट द पंचगंगा मीट्स द कृष्णा ॲट नृसिंहवाडी.’

प्रश्नात ‘की’ पुन्हा आडवा येतो. ‘तिनं विचारलं, की तू कुठे राहतोस’ हे डोक्यात असतं, म्हणून ‘आस्क्ड मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह’ लिहिलं जातं. दॅट काढा, डू काढा, कर्ता क्रियापदाच्या आधी आणा: ‘शी आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ड.’ हो-नाहीच्या प्रश्नाला इफ किंवा व्हेदर लावा.

शेवटी वेळेचे शब्द तपासा. टुमॉरोचं द नेक्स्ट डे, अगोचं बिफोर होतं. पण निरोप त्याच दिवशी सांगत असाल, तर टुडे टुडेच राहतो.