औद्योगिक गाळा भाड्याने घेताना: टोकनच्या आधी वीजबिल मागा

पाटीवर ‘इंडस्ट्रियल इस्टेट’ लिहिलेलं असतं, पण मीटर व्यापारी दराचा निघतो. गाळेमालकाकडून आधी ताजं वीजबिल घ्या आणि त्यात तीन गोष्टी बघा: दरवर्गवारी, मंजूर भार (किती किलोवॅट वापरायला मान्यता आहे ते), थकबाकी. महावितरणच्या लघुदाब (एलटी) वर्गवारीत कारखान्याला एलटी-५ लागतो, दुकान-ऑफिसला एलटी-२, आणि तो महाग पडतो. उलटा प्रकारही अंगाशी येतो. औद्योगिक मीटरवर नुसतं विक्रीचं गोदाम चालवलं, तर वीज कायदा २००३च्या कलम १२६खाली दुप्पट दराने आकारणी होते.

आता भाराचा हिशोब. लेथ ५ एचपी (अश्वशक्ती), ड्रिल ३, कॉम्प्रेसर ७.५, मिळून १५.५ एचपी. गुणिले ०.७४६ म्हणजे साधारण ११.६ किलोवॅट. दिवे-पंखे धरून १३ मागा. बिलावर ५ किलोवॅट दिसत असेल तर भारवाढीचा अर्ज आणि खर्च कोणाचा, हे तेव्हाच ठरवा. २० किलोवॅटच्या वर गेलात की दराचा टप्पा बदलतो, म्हणून उगाच फुगवूनही मागू नका.

गाळा बघायला शेजारची यंत्रं चालू असताना जा. रविवारी सगळं छानच दिसतं. मल्टिमीटरने तिन्ही फेजमधला दाब (व्होल्टेज) मोजा. समजा ४१५, ४१५ आणि ३९५ आले. सरासरी ४०८, सगळ्यात मोठा फरक १३, म्हणजे असमतोल तीन टक्क्यांच्या वर. एवढ्यावर मोटर तापते आणि वाइंडिंग (आतल्या तारेची गुंडाळी) लवकर जातं. कॉम्प्रेसर डीओएल स्टार्टरवर (मोटरला थेट पूर्ण दाब देणारा) असेल तर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट करंट खेचतो. केबल बारीक असली की दाब बसतो आणि बाकीच्या यंत्रांचे कॉन्टॅक्टर (वीज जोडणारे स्विच) सुटतात. ७.५ एचपीला स्टार-डेल्टा स्टार्टर (सुरुवातीचा करंट कमी ठेवणारा) लावलेला बरा.

शटरची रुंदी यंत्राच्या मापाने नाही, खोक्यासकट मोजा. उंची छतापर्यंत नाही, बीमच्या खालपर्यंत. पॉवर प्रेस वरच्या मजल्यावर नकोच. पोटमाळा मंजूर नकाशात नसेल तर त्याचं भाडं कशाला भरायचं?

एमआयडीसीतला (महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा) भूखंड साधारण ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेला असतो. मालक म्हणवणारा स्वतःच पट्टेदार, त्यामुळे पोटभाडेकरू ठेवायला त्याने महामंडळाची परवानगी घेतलेली हवी. ते पत्र पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रदूषण मंडळाचं संमतिपत्र गाळ्याला नाही, तुमच्या प्रक्रियेला मिळतं. आधीच्या भाडेकरूचा कागद तुमच्या कामाचा नाही. इलेक्ट्रोप्लेटिंग लाल, म्हणजे जास्त प्रदूषणाच्या वर्गात येतं, तिथे आधी उभारणीची संमती आणि मग चालवण्याची. पांढऱ्या, म्हणजे नगण्य प्रदूषणाच्या वर्गाला नुसतं कळवलं तरी चालतं.

लिव्ह अँड लायसन्सच्या करारात नेमकी प्रक्रिया लिहा, आणि संमती किंवा भारवाढ नाकारली गेली तर लॉक-इन (ठरावीक काळ गाळा न सोडण्याची अट) लागू नाही व अनामत पूर्ण परत, हे कलम घाला. करार नोंदवूनच घ्या.