छोट्या बिझनेस जेटमध्ये ट्रिम रनअवे झाला तर काय करायचं

सायटेशन ५२५ सारखं छोटं जेट शिकायला घेतलं की सगळेजण इंजिन फेल्युअर घोटून घोटून पाठ करतात, पण कंट्रोल्सच बिघडले तर काय, यावर कोणी धड एक दुपारसुद्धा घालवत नाही. म्हणून हे लिहितोय. आधीच सांगतो, तुमच्या विमानाच्या मॅन्युअलमध्ये जो क्रम दिलाय तोच खरा, मी त्यामागचं कारण सांगतोय.

५२५ मध्ये एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा), एलेरॉन (पंखावरचा, विमान कलवणारा), रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा) सगळं केबलवर चालतं, हायड्रॉलिकची मदत नाही, म्हणजे जे काय ओढायचं ते तुमच्याच दंडाच्या जोरावर. पिच ट्रिमला (म्हणजे नाक हव्या त्या जागी राहावं आणि हातावरचा भार हलका व्हावा म्हणून असलेल्या यंत्रणेला) मात्र इलेक्ट्रिक मोटर असते आणि ती थांबायलाच तयार नसेल, म्हणजेच ट्रिम रनअवे झाला, तर योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, हळूहळू जड होत जातं. ऑटोपायलट लावलेला असेल तर अजून वाईट, कारण तो बिचारा गुपचूप जोर लावून धरून ठेवतो आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक चाललंय.

तर पहिलं काम म्हणजे योक घट्ट धरा, मग योकवरचं ऑटोपायलट-ट्रिम डिसकनेक्टचं लाल बटण दाबा आणि लगेच पिच ट्रिमचा ब्रेकर (मोटरची वीज तोडणारा सर्किट ब्रेकर) खेचा, बटणाने थांबलं का बघत बसू नका. नाक खाली जात असेल तर थ्रॉटल मागे घ्या, स्पीड वाढू देऊ नका, कारण ट्रिमच्या टॅबवरचा (एलिव्हेटरच्या मागच्या कडेच्या छोट्या पट्टीवरचा) हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, २५० नॉटवरून १८० वर आलात तर तो जवळपास निम्मा होतो आणि हाताला तो फरक लगेच जाणवतो. मग ट्रिम व्हील हाताने फिरवून सेट करा.

ब्रेकरवर एवढा जोर का देतोय? २२ जुलै २००३ ला अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात कूपव्हिलजवळ एक ५२५ ट्रिम रनअवेमुळे थेट पेन कोव्हच्या पाण्यात उतरवावं लागलं. दोघं होते, दोघंही वाचले. चौकशीत एनटीएसबीने (अमेरिकेची अपघात तपास संस्था) ट्रिमच्या सर्किटच्या डिझाइनवरच बोट ठेवलं. म्हणून जमिनीवर उभं असताना डोळे मिटून त्या ब्रेकरवर बोट नेऊन बघा, पाच सेकंदात सापडला नाही तर हवेत एका हाताने योक ओढत असताना काय डोंबल सापडणार! इंजिनिअरला सांगून त्यावर रंगीत कॉलर बसवून घेतलात तर उत्तमच.

दुसरी चूक म्हणजे घाईत स्विच बंद करणं. ३ मार्च २०२३ ला कीनहून लीसबर्गला निघालेल्या चॅलेंजर ३०० मध्ये (हे जरा मोठं जेट) ट्रिमचा मेसेज आला, क्रूने चेकलिस्टप्रमाणे स्टॅब ट्रिमचा (त्या विमानातल्या पिच ट्रिमचा) स्विच बंद केला, त्यासरशी ऑटोपायलट सुटला आणि नाक एवढ्या जोरात वर गेलं की साधारण ४ जी, म्हणजे वजनाच्या चौपट जोर, बसले, त्यात एक प्रवासी गेली. म्हणजे ट्रिमच्या कुठल्याही स्विचला हात लावायच्या आधी योक हातात घट्ट पाहिजे, आणि त्याच्याही आधी मागच्या लोकांना पट्टे बांधायला सांगा. साहेब लोक फोनवर असले तरी सांगा, रागावले तर रागावू देत.

टेकऑफच्या आधी कंट्रोल्स पूर्ण फिरवून बघणं हे इतकं साधं काम, पण ३१ मे २०१४ ला अमेरिकेत बेडफर्डला गल्फस्ट्रीम चार हे बिझनेस जेट गस्ट लॉक (उभं असताना वाऱ्याने कंट्रोल्स हलू नयेत म्हणून लावलेलं कुलूप) न काढताच धावलं, सातही जण गेले. त्याच क्रूची आधीची १७५ उड्डाणं तपासली तर पूर्ण चेक फक्त दोनदा केलेला निघाला! दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, आणि उजवीकडे वळवल्यावर उजवं एलेरॉन वरच जातंय ना तेही बघा, मेंटेनन्सनंतर तर नक्कीच.

फ्लॅप (कमी स्पीडला उतरता यावं म्हणून पंखामागून बाहेर येणाऱ्या पट्ट्या) एका बाजूला अडकले तर ते परत परत हलवून बघायचा मोह टाळा. उंची हातात असतानाच गिअर (चाकं) टाकून हळूहळू स्पीड कमी करा, कुठल्या स्पीडला विमान हाताला ढिलं लागतंय किंवा एका बाजूला ओढतंय ते बघा, तो आकडा कागदावर लिहा आणि रनवेला टेकेपर्यंत त्याच्या खाली जाऊ नका. स्पीड जास्त म्हणजे लँडिंग लांबणार, तेव्हा जवळचा आखूड रनवे सोडून लांबचा मोठा मागा, आणि रेडिओवर पॅन-पॅन (मेडेच्या खालची, तातडीची हाक) म्हणायला लाजू नका.